किती बुडाले यापेक्षा कधी बुडाले?

एखाद्या मोठ्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया संपली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: बँकांना इतक्या टक्क्यांचा 'हेअरकट', म्हणजे दाव्याच्या एवढ्या हिश्श्यावर पाणी. व्हिडिओकॉन समूहाच्या वेळी हा आकडा ९५ टक्क्यांच्या वर गेला. सुमारे ६४,८०० कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपोटी वेदान्त समूहातील ट्विन स्टारने २,९६२ कोटी देऊ केले. जून २०२१ मध्ये ती योजना मंजूर करताना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानेच, खरेदीदार जवळपास काहीच देत नाही, असा शेरा मारला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्दही केली. पण वादाची चाकोरी तेव्हापासून पडली ती पडलीच. एक पक्ष म्हणतो, ही उद्योगपतींची मागच्या दाराने केलेली कर्जमाफी आहे. दुसरा पक्ष सरकारी तक्ते पुढे करून कायदा किती यशस्वी आहे ते सांगतो. दोघेही एकाच टक्केवारीवर भांडतात, आणि ती टक्केवारी मुळात भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता पैसे बुडवत नाही. बहुतेक पैसे प्रकरण न्यायाधिकरणाच्या दारात येण्यापूर्वीच बुडालेले असतात आणि संहिता फक्त त्यांचा हिशेब जाहीर करते. तिच्यावर खरा आरोप ठेवायचा तर तो उशिराचा ठेवला पाहिजे. हेअरकटला कायद्याने मर्यादा घाला, ही मागणी लोकप्रिय आहे. ती मान्य झाली तर उरलेसुरले पैसेही जातील.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. एका कारखान्यावर १०० कोटींचे कर्ज आहे. हप्ता पहिल्यांदा चुकला त्या दिवशी चालता कारखाना ८० कोटींना विकला गेला असता. म्हणजे बँकेचे नुकसान २० टक्के. आता सहा वर्षे काहीच केले नाही असे धरा. कर्जावर १२ टक्क्यांनी चक्रवाढ व्याज चढत राहिले. सहा वर्षांनी दावा जवळपास १९७ कोटींचा झाला. तिकडे ऑर्डरी गेल्या, चांगले अभियंते गेले, यंत्रे जुनी झाली आणि कारखान्याची किंमत वर्षाला १५ टक्क्यांनी उतरत ३० कोटींवर आली. आता तो विकला तर बातमी येणार: ८५ टक्के हेअरकट! कंपनी तीच, कर्ज तेच, कायदा तोच. २० चे ८५ केले ते कोणत्या न्यायाधिकरणाने? त्या सहा वर्षांनी. आणि त्या सहा वर्षांत कंपनी ना न्यायाधिकरणाच्या ताब्यात होती, ना नव्या खरेदीदाराच्या.

या हिशेबातला मोठा हिस्सा तर चढलेल्या व्याजाचा आहे, म्हणजे कधी हातात न आलेल्या आणि येण्याची शक्यताही नसलेल्या पैशाचा. आपल्याकडच्या जुन्या व्यवहाराला हे चांगले ठाऊक होते. दामदुपटीचा नियम सांगत असे की एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. त्यामागे ऋणकोची दया जशी होती तसा व्यवहारही होता: एका मर्यादेपलीकडे कागदावरचे व्याज म्हणजे संपत्ती नव्हे. आज आपण मात्र फुगलेल्या दाव्याला खरी मालमत्ता समजतो, आणि मिळालेली रक्कम त्यातून वजा करून जी बाकी येते तिला लूट म्हणतो.

विरोधकांचा सर्वात जोरकस मुद्दा नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. शेतकऱ्याच्या कर्जमाफीची घोषणा झाली की पतशिस्त बिघडते म्हणून अर्थतज्ज्ञ ओरडतात. हजारो कोटींवर पाणी सोडले जाते तेव्हा तेच लोक त्याला 'मूल्याचे पुनरुज्जीवन' म्हणतात. हा दुटप्पीपणा खरा आहे. एकाच गोष्टीला माणूस बघून दोन नावे दिली जात असतील तर लोकांनी चिडणे रास्तच आहे. पण एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. कर्जमाफीत कर्ज जाते आणि जमीन शेतकऱ्याकडेच राहते, आणि राहावीच. संहितेखालच्या प्रक्रियेत प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभारून चालवणाऱ्या मालकाच्या, हातून कंपनी जाते. संचालक मंडळ बाजूला होते, कारभार प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो, निर्णय धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, समितीकडे. नोव्हेंबर २०१७ मध्ये घातलेल्या कलम २९-अ ने थकबाकीदार प्रवर्तकाला आपलीच कंपनी स्वस्तात परत घेण्यास मज्जाव केला, आणि वैयक्तिक हमी दिलेल्या प्रवर्तकावर स्वतंत्र कारवाई करता येते हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले. या हमीदारांकडून प्रत्यक्षात होणारी वसुली फार तुटपुंजी आहे. रागाचा रोख तिथे वळला तर तो कामी येईल.

हा राग जुनाच आहे. इंग्लंडमधल्या १५४२ च्या पहिल्या दिवाळखोरी कायद्याने दिवाळखोराला जवळपास गुन्हेगारच मानले. १७०५ च्या कायद्याने मात्र एकाच वेळी दोन टोके गाठली: जो व्यापारी आपली सगळी मालमत्ता उघड करून धनकोंच्या हवाली करेल त्याला उरलेल्या कर्जातून मोकळे करायचे, आणि जो ती लपवेल त्याला फाशी. फाशी सोडून द्या, पण विभागणी नेमकी होती. धंदा बुडणे वेगळे आणि धनकोंना बुडवणे वेगळे, हे तीनशे वर्षांपूर्वी कळलेले आपल्या वाहिन्यांवरील चर्चेत मात्र रोज एकमेकांत मिसळते. पोलादाचे भाव जगभर कोसळल्याने अडचणीत आलेला कारखाना आणि कर्जाचे पैसे भलतीकडे वळवणारा प्रवर्तक, दोघांनाही 'कर्जबुडवे' हे एकच लेबल. पहिल्याला वेगाने नवा मालक द्यायचा असतो, दुसऱ्याच्या मागे तपास यंत्रणा लावायची असते. दोन्ही कामे एकाच कायद्याकडून करून घ्यायला गेलो तर एकही धड होत नाही.

संहिता येण्यापूर्वी काय होते, याची आठवण मुंबईकरांना तरी करून द्यावी लागू नये. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याने बीआयएफआर नावाचे मंडळ नेमले. कंपनीचे निव्वळ मूल्य पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय ती या कायद्याखाली 'आजारी' ठरत नसे, म्हणजे डॉक्टरकडे जायचे ते नाडी बंद पडल्यावर. एकदा तिथे नोंद झाली की कलम २२ खाली धनकोंचे हात बांधले जात आणि कंपनी मात्र त्याच प्रवर्तकाकडे राहत असे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्या या मंडळाच्या वाटेने गेल्या. पुनरुज्जीवनाच्या योजना बनत राहिल्या, सुनावण्या होत राहिल्या, यंत्रे गंजली. कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत होते आणि त्याच काळात गिरण्यांखालच्या जमिनीचे भाव चढत होते. विलंबाने सगळ्यांचेच नुकसान होते, हा गोड समज आहे. ज्याच्या हातात जमीन आणि कब्जा होता त्याचे नुकसान झाले नाही. आजारी उद्योगांचा अभ्यास करणाऱ्या ओंकार गोस्वामी समितीने १९९३ मध्ये याच आशयाचे निदान केले होते: आजारी कंपन्या आहेत, आजारी बँका आहेत, पगार न मिळालेले कामगार आहेत, पण आजारी प्रवर्तक शोधून सापडत नाही.

त्या काळात हेअरकटचे मथळे का येत नव्हते? कारण नुकसान कधी जाहीरच होत नव्हते. ते बँकेच्या ताळेबंदात 'पुनर्रचित कर्ज' या नावाखाली सुखाने नांदत होते. २००८ च्या जागतिक संकटानंतरही हेच झाले. पायाभूत सुविधा आणि पोलाद क्षेत्राला दिलेली कर्जे फिटत नाहीत हे दिसत असताना मुदती वाढवल्या गेल्या, जुने हप्ते भरण्यासाठी नवी कर्जे दिली गेली, एकामागून एक पुनर्रचना योजना आल्या. जपानी बँकांनी १९९० च्या दशकात हेच करून मेलेल्या कंपन्या चालत्या ठेवल्या आणि त्याची किंमत तिथल्या नव्या, जिवंत कंपन्यांनी मोजली. आपल्याकडे हा पडदा उचलला गेला तो रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची, म्हणजे बँकांची कर्जे खरोखर फिटत आहेत का याची, तपासणी केल्यावर. जून २०१७ मध्ये तिने १२ मोठी थकलेली कर्जखाती संहितेखाली न्यायला लावली. बँकांच्या एकूण थकीत कर्जाचा जवळपास चौथा हिस्सा त्या बारांकडे होता. तेव्हा न्यायाधिकरणात आलेल्या कंपन्या काल आजारी पडलेल्या नव्हत्या. संहितेखाली अवसायनात गेलेल्या, म्हणजे मालमत्ता विकून कायमच्या गुंडाळल्या गेलेल्या, कंपन्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आधीच बीआयएफआरमध्ये होत्या किंवा बंद पडलेल्या होत्या. त्यांच्या मृत्यूचा दोष शवविच्छेदन करणाऱ्यावर कसा टाकणार?

आता सरकारी बाजूच्या तक्त्यांकडे वळू, कारण तीही काही कमी चलाख नाही. मार्च २०२५ पर्यंत जवळपास १,२०० कंपन्यांच्या योजना मंजूर झाल्या, धनकोंना मान्य दाव्यांच्या सुमारे ३३ टक्के मिळाले, आणि ही रक्कम अवसायन मूल्याच्या, म्हणजे कंपनी गुंडाळून विकली तर जेवढे मिळेल त्याच्या, १७० टक्के आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. पण अवसायन मूल्य मोजले जाते ते प्रक्रिया सुरू झाल्यावर, म्हणजे सगळी पडझड होऊन गेल्यावर. भंगाराच्या भावापेक्षा जास्त मिळाले, हे यश आहे खरे. पण किती मोठे? टीकाकार फुगलेल्या दाव्याशी तुलना करतात, समर्थक आक्रसलेल्या मूल्याशी. हप्ता चुकला त्या दिवशीच्या किमतीशी तुलना कोणीच करत नाही, कारण ती कोणी मोजूनच ठेवत नाही. शिवाय योजना मंजूर झालेल्यांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २,७०० च्या वर कंपन्या अवसायनात गेल्या, हेही त्याच तक्त्यात असते. बँकांची ढोबळ थकीत कर्जे मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या पुढे होती ती मार्च २०२५ पर्यंत २.३ टक्क्यांच्या आसपास आली, याचे सगळे श्रेय संहितेला देणे तितकेच उथळ. त्यात निर्लेखनाचा, म्हणजे बुडीत कर्जे ताळेबंदातून काढून टाकण्याचा, वाटा मोठा आहे.

संहितेचे खरे काम मला दुसरीकडे दिसते. डिसेंबर २०२४ पर्यंत दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करण्याचे ३० हजारांहून अधिक अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेण्यापूर्वीच मागे घेतले गेले. त्यामागची थकबाकी १३ लाख कोटींपेक्षा जास्त होती. ती सगळी वसूल झाली असे नव्हे, पण कंपनी हातची जाणार या भीतीने ऋणको बोलणीला बसला. कायद्याचा मुख्य परिणाम न्यायालयाबाहेर, पुढच्या व्यवहारांवर होतो, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १८७५ मध्ये सुप्यात पेटलेल्या आणि पुणे-नगर भागात पसरलेल्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांसाठीचा मदत कायदा आला. कर्जरोख्यामागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे थांबले. मोठी सुधारणा होती ती. पण सावकारांनी काय केले? गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कायदा करणाऱ्यांची नजर जुन्या कर्जांवर होती, सावकाराची नव्या. कर्जवसुलीचा कोणताही नियम बदलताना आधी विचारायला हवे की उद्या कर्ज देणारा याला पाहून काय करील.

हाच प्रश्न हेअरकटच्या मर्यादेला लावा. अर्थविषयक संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२१ च्या अहवालात हेअरकटसाठी काही मापदंड असावा असे सुचवले, तेव्हा त्यामागची चिंता खरी होती. समजा कायद्याने ठरवले की दाव्याच्या ४० टक्क्यांहून कमी देणारी योजना मान्य होणार नाही. वरच्या उदाहरणातल्या ३० कोटींच्या कारखान्याला त्यामुळे ७९ कोटींचा ग्राहक मिळेल? लिलावात किमान बोली ठरवल्याने वस्तूची किंमत वाढत नाही, ती विकली जात नाही इतकेच. मग कारखाना अवसायनात जाणार, तुकड्यातुकड्याने विकला जाणार, कामगार घरी बसणार आणि बँकेच्या हाती ३० ऐवजी दहा-पंधरा कोटी पडणार. वर प्रत्येक बँक अधिकारी असे प्रकरण न्यायाधिकरणात न्यायलाच घाबरेल आणि पुन्हा मुदतवाढीचा खेळ सुरू होईल.

व्हिडिओकॉनचे मग काय? तिथे एक गोष्ट खरोखर खटकणारी होती. गोपनीय असायला हवे ते अवसायन मूल्य सुमारे २,५६८ कोटी होते आणि बोली त्याच्या अगदी लगत, २,९६२ कोटींची. खंडपीठानेही त्यावर बोट ठेवले होते. पण यावरून निघणारा धडा गोपनीयतेचा आणि स्पर्धेचा आहे. एस्सार स्टीलसाठी चुरस होती, तर आर्सेलर मित्तलने बोलीला पात्र ठरण्यासाठी आपल्याशी संबंधित थकबाकीदार कंपन्यांची सुमारे साडेसात हजार कोटींची देणी आधी चुकती केली आणि मग सुमारे ४२ हजार कोटी मोजले. बँकांचा दावा ४९ हजार कोटींच्या घरात होता. संहिता तीच, निकाल किती वेगळा! फरक चालू कारखान्याचा आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या ग्राहकाचा. दुसरा ग्राहक नसेल तर काय, हा प्रश्न लहान उद्योगांत रोजचा आहे. तिथे प्रवर्तकाशिवाय दुसरे कोणी धंदा घ्यायला येत नाही, म्हणून २०१८ मध्ये कलम २९-अ त्यांच्यापुरते सैल करावे लागले. नैतिकतेला मुरड घातली असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, शहाणपण केले.

पण एस्सारलाही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला नोव्हेंबर २०१९ उजाडले. प्रक्रिया ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाली होती आणि कायद्यातली कमाल मुदत तेव्हा २७० दिवसांची होती. पुढे ती खटल्यांचा वेळ धरून ३३० दिवस केली गेली, तीही पाळली जात नाही. अर्ज दाखल करून घेण्याचा निर्णय १४ दिवसांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा. प्रत्यक्षात त्यातच महिनेच्या महिने, कधी वर्षाहून अधिक जाते. न्यायाधिकरणाची मंजूर सदस्यसंख्या ६३, त्यातल्या जागा रिकाम्या राहतात आणि त्याच सदस्यांपुढे कंपनी कायद्याचे बाकीचे तंटेही असतात. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. योजना मंजूर झाली जून २०२१ मध्ये. अंमलबजावणीवरून भांडणे झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. विमान कंपनीची संपत्ती म्हणजे विमानतळावरच्या वेळा, प्रशिक्षित वैमानिक, प्रवाशांचा विश्वास. यातले काय साडेपाच वर्षे टिकते?

उशिराचा धाकटा भाऊ म्हणजे अनिश्चितता. भूषण पॉवर अँड स्टीलसाठी जेएसडब्ल्यूची १९,३५० कोटींची योजना २०१९ मध्ये न्यायाधिकरणात मंजूर झाली, २०२१ मध्ये पैसे दिले गेले, कारखाना चालू लागला, उत्पादन वाढले. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच बेकायदा ठरवून कंपनी अवसायनात काढायला सांगितली. जुलैअखेर तो निकाल मागे घेतला गेला आणि सप्टेंबरमध्ये योजना कायम झाली, हे बरेच झाले. पण हे नाट्य पाहणारा पुढचा बोलीदार आपल्या बोलीतून या धोक्याची किंमत वजा केल्याशिवाय राहील का? मग ती वजावट हेअरकट म्हणून छापून येईल आणि आपण पुन्हा संहितेला दोष देऊ.

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाची दिशा म्हणूनच मला बरोबर वाटते. कर्ज थकल्याचे सिद्ध झाले की अर्ज दाखल करून घेणे बंधनकारक करणे, निवडक धनकोंना न्यायालयाबाहेर प्रक्रिया सुरू करू देणे, हे रोगाच्या जागी बोट ठेवणारे उपाय आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या विदर्भ इंडस्ट्रीज निकालाने 'थकले तरी दाखल करून घ्यायचे की नाही ते न्यायाधिकरण ठरवील' अशी जी फट पडली होती ती यातून बुजेल. मात्र सार्वजनिक बँकेतला अधिकारी लवकर निर्णय का घेत नाही, याला विधेयकात उत्तर नाही. आज २० टक्के तोटा मान्य केला तर उद्या दक्षता चौकशी त्याच्या नावावर. सहा वर्षे थांबून ८५ टक्के गेले तर न्यायाधिकरणाचा आदेश पाठीशी. तो थांबणारच. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळे काय केले असते?

सर्वात वाईट अवस्था मात्र बँकांची नाही. सुटे भाग पुरवणारा, माल वाहून नेणारा, कारखान्याला डबे पोचवणारा, यांना संहितेच्या भाषेत परिचालन धनको म्हणतात. धनकोंच्या समितीत त्यांना सहसा मत नाही. कायद्याने त्यांना किमान अवसायनात मिळाले असते तेवढे द्यावे लागते, आणि अवसायनात त्यांचा नंबर लागेपर्यंत बहुतेक वेळा काही उरतच नाही, म्हणजे ती हमी शून्याची. टीकाकारांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो आणि इथे वेगाचा उपायही पुरेसा नाही. मंजूर रकमेतला एक ठरावीक छोटा हिस्सा अशा लहान पुरवठादारांसाठी राखून ठेवला तर बँकांच्या वसुलीत नगण्य फरक पडेल, पुरवठादाराचा धंदा मात्र वाचेल.

एवढे झाल्यावर एक क्षुल्लक वाटणारी सुधारणा मागावीशी वाटते. प्रत्येक मंजूर योजनेसोबत चार गोष्टी जाहीर कराव्यात: पहिला हप्ता चुकल्याची तारीख, त्या दिवशीचे मुद्दल, अर्ज केल्याची तारीख आणि तो दाखल करून घेतल्याची तारीख. शक्य असेल तिथे या तिन्ही तारखांना कंपनीचे अंदाजे मूल्यही. माहिती बँकांकडे असते, कर्जनोंदींच्या माहिती यंत्रणाही आहेत. मग हेअरकटच्या एका आकड्याचे तुकडे पडतील: इतका तोटा धंदा बुडाल्यामुळे, इतका बँक गप्प बसल्यामुळे, इतका न्यायाधिकरणातल्या तारखांमुळे. कोणत्या तुकड्याबद्दल कोणाला जाब विचारायचा, ते मग ज्याचे त्याला ठरवता येईल.